बाल कल्याण समितीपुढे मुलाची केस : पालकांचे नेहमीचे प्रश्न आणि मोफत कायदेशीर मदत

मूल बालगृहात आणि आई-बाप गेटबाहेर, अशा वेळी माणसाला काही सुचत नाही. शेजारी एक सांगतो, कुणी ओळखीचा दुसरंच सांगतो, आणि त्यात पहिले महत्त्वाचे दिवस निघून जातात. खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या बाल कल्याण समित्यांपुढे चालणाऱ्या प्रकरणांबद्दल आहेत. आधार आहे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती. या कायद्याचा कल मूल घरी पाठवण्याकडे आहे. पण घर मुलासाठी तयार आहे हे समितीला कागदावर दिसावं लागतं. म्हणून वकील पहिल्या आठवड्यातच गाठा.

पोलिसांनी मुलाला समितीपुढे नेलं. म्हणजे आमच्यावर केस झाली का?

नाही. समितीपुढचं प्रकरण मुलाचं असतं. मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे का, आणि असेल तर ती कुणी भागवायची, एवढंच समिती बघते. ती आई-वडिलांना शिक्षा देत नाही. मारहाण, बालमजुरी किंवा भीक मागायला लावणं यावरून पोलिसांनी वेगळा गुन्हा नोंदवला असेल, तर ती फौजदारी केस कोर्टात स्वतंत्र चालते. दोन्ही असतील तर वकिलाला दोन्ही सांगा, कारण एका ठिकाणी दिलेला जबाब दुसऱ्या ठिकाणी निघतो.

मुलावरच चोरी-मारामारीसारखा आरोप असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. तो रस्ता वेगळा आहे, इथली उत्तरं त्याला लावू नका.

समितीत कोण बसतं? ते न्यायाधीश असतात का?

एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत किमान एक महिला असावीच लागते. ही माणसं बहुधा सामाजिक काम, शिक्षण, मानसशास्त्र, कायदा अशा क्षेत्रांतून आलेली असतात, पण समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. त्यामुळे तिचा आदेश हा आदेशच असतो, सल्ला नव्हे. महिन्यातून किमान वीस दिवस समितीची बैठक व्हायला हवी. बैठक नसेल त्या दिवशी मुलाला एका सदस्यापुढेही हजर करता येतं, मात्र अंतिम निकालाला किमान तीन सदस्य लागतात.

मुलाला कशावरून नेतात?

कल्याण, भुसावळ किंवा पुणे स्टेशनवर एकटं सापडलेलं मूल, हॉटेलात भांडी घासणारा पोरगा, सिग्नलवर भीक मागणारी बहीण-भावंडं, लग्न ठरवलेली सोळा वर्षांची मुलगी, आई-वडील दोघंही तुरुंगात किंवा दवाखान्यात असलेलं मूल, घरात अत्याचार झालेलं मूल. कायद्यातली यादी याहून मोठी आहे. मूल ताब्यात घेतल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत समितीपुढे हजर करावं लागतं.

आम्हाला आजच कळलं. लगेच काय करायचं?

आधी मूल कुठे आहे ते शोधा. पोलीस ठाण्यात, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. मग समितीच्या कार्यालयात जाऊन पुढची तारीख लिहून घ्या आणि एक साधा अर्ज द्या. टंकलेखनाची गरज नाही, वहीच्या कागदावर हातानं लिहिलेला चालतो. मजकूर साधारण असा:

«माझा मुलगा (नाव, वय) दिनांक … पासून समितीच्या आदेशानं … बालगृहात आहे. मी त्याची आई असून त्याला घरी नेऊन सांभाळायला तयार आहे. माझं म्हणणं ऐकून घ्यावं, घरचा सामाजिक तपासणी अहवाल लवकर मागवावा, आणि तोवर मला मुलाला भेटू द्यावं, ही विनंती. माझा पत्ता आणि मोबाइल नंबर …»

दोन प्रती करा. एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती जपून ठेवा. पुढे «पालक फिरकलेच नाहीत» असं कुठे लिहिलं गेलं तर हा शिक्का तुमच्या कामी येतो. कागद सापडत नाहीत म्हणून जाणं लांबवू नका, कागद नंतरही देता येतात.

वकील मोफत मिळतो का? आमच्याकडे दाखला नाही.

मिळतो, आणि बहुतेक घरांना मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये कोण पात्र आहे ते दिलंय. स्त्री पात्र आहे आणि मूलही पात्र आहे, दोघांचं उत्पन्न कितीही असलं तरी. म्हणजे अर्ज आईनं, आजीनं, आत्यानं किंवा मावशीनं केला तर पगाराचा प्रश्नच येत नाही. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीत असलेली व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकी पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. त्यासाठी तहसीलदाराचा दाखला हातात नसेल तर स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानण्याची सोय त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. दाखल्यासाठी आठवडाभर हेलपाटे घालू नका.

अर्ज कुठे करायचा? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. फोनवर विचारायचं तर राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. अर्जात «बाल कल्याण समितीपुढे प्रकरण आहे, पुढची तारीख अमुक आहे» हे ठळक लिहा, म्हणजे वकील नेमायला उशीर होणार नाही. नेमलेल्या वकिलाला तुमच्याकडून फी घेता येत नाही. कुणी मागितली तर ज्या कार्यालयानं नेमणूक केली तिथेच लेखी तक्रार करा आणि वकील बदलून मागा.

समितीत वकील चालत नाही असं गेटवर सांगितलं.

हे फार ठिकाणी ऐकायला मिळतं आणि त्याचा लोकांना विनाकारण धसका बसतो. बाल न्याय कायद्यात वकिलाला मनाई करणारं कलम नाही. उलट मुलाला योग्य कायदेशीर सेवा मिळवून देणं हे समितीच्याच कामांत मोडतं. जिथे पुरावा नोंदवण्याचा अधिकार आहे अशा कोणत्याही प्राधिकरणापुढे काम चालवण्याचा हक्क वकिलाला ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३० नं दिला आहे.

यातलं एक मात्र खरं आहे. समितीची खोली कोर्टासारखी नसते आणि नसावीही. मूल घाबरू नये म्हणून बोलणं हळू चालतं, मुलाशी सदस्य स्वतः किंवा समुपदेशक बोलतात, कधी आई-वडिलांनाही थोडा वेळ बाहेर बसवतात. तिथे उलटतपासणीचा आवाज लावणारा वकील तुमचं नुकसान करतो. म्हणून विधी सेवा कार्यालयात विचारा, समितीपुढे याआधी काम केलेला कुणी पॅनेलवर (मोफत वकिलांच्या यादीत) आहे का?

मग वकील नेमकं करतो काय?

लेखी म्हणणं मांडतो. तपासणी अहवालात चूक असेल तर ती कागदपत्रांसह दाखवतो. आदेशाची प्रत मागतो. मूल तुमच्याकडे देण्यात अडचण असेल तर मामा, काका, आजी यांच्यापैकी कुणाकडे «योग्य व्यक्ती» म्हणून सोपवता येईल का, हा पर्याय पुढे ठेवतो. आणि अपिलाची मुदत सांभाळतो. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवकही असतात. दाखले गोळा करणं, अर्ज लिहिणं अशी धावपळ ते तुमच्याबरोबर करतात. तुम्हाला लिहिता-वाचता येत नसेल तर स्वयंसेवक आवर्जून मागून घ्या.

घरी चौकशीला माणूस येणार आहे. तो काय बघतो?

इथे थोडं सविस्तर, कारण माझ्या मते निम्मी केस याच भेटीत ठरते.

समितीच्या आदेशावरून परिविक्षा अधिकारी, बाल संरक्षण कक्षातला सामाजिक कार्यकर्ता किंवा एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता घरी येतो. तो जे लिहितो त्याला सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात, बोलीत गृहचौकशी. ती पंधरा दिवसांत पूर्ण व्हायला हवी, असं कलम ३६ सांगतं. सदस्यांनी तुमचं घर पाहिलेलं नसतं, त्यांच्यासमोर हा अहवाल असतो.

चाळीतल्या एका खोलीचं घर असलं म्हणून अहवाल वाईट येत नाही. अधिकारी विचारतो ते असं: मूल झोपतं कुठे? तुम्ही दोघं कामावर गेल्यावर घरी कोण असतं? शाळा कधीपासून सुटली आणि का? घरात दारू, मारहाण आहे का? मूल याआधी पळालं होतं का, आणि तेव्हा तुम्ही मिसिंगची तक्रार दिली होती का? तो शेजाऱ्यांना विचारतो, कधी शाळेत जाऊन बाईंना भेटतो, अंगणवाडी सेविकेशी बोलतो. शेजारीण «बाई चांगली आहे हो, पण नवऱ्याच्या भीतीनं पोरगं रात्री आमच्याकडे येतं» असं म्हणाली तर ते वाक्य जसंच्या तसं अहवालात जातं.

म्हणून खोटं सांगू नका. दारूचा प्रश्न असेल तर तो कबूल करून व्यसनमुक्ती केंद्राचा केसपेपर दाखवलेला केव्हाही बरा. दुपारी घरी कुणी नसतं हे खरं असेल तर «शाळा सुटल्यावर आत्याकडे राहील» असं ठरवा आणि आत्यालाही त्या दिवशी हजर ठेवा. आधार, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं पत्र, भाडेकरार किंवा वीजबिल एका पिशवीत काढून ठेवा. शाळेनं «पुन्हा दाखल करून घेऊ» असं लिहून दिलं तर त्या एका कागदाचं वजन खूप असतं. अधिकारी आला नाही तर? पंधरा दिवस वाट बघा आणि सोळाव्या दिवशी समितीला लेखी कळवा.

अहवाल गोपनीय मानला जातो, त्यामुळे प्रत सहज हातात पडत नाही. पण आपलं म्हणणं मांडण्याची संधी मिळणं हे कायद्याच्या मूलभूत तत्त्वांतच आहे. अहवालातल्या कोणत्या मुद्द्यावर मूल घरी पाठवत नाही ते सांगा आणि त्यावर आमचं ऐका, असा अर्ज वकिलामार्फत करा.

एकूण किती दिवस लागतात?

मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश व्हावा, असं कायदा म्हणतो. मूल चुकून हरवलं होतं आणि आई-वडील लगेच कागद घेऊन आले, अशी प्रकरणं पुष्कळ लवकर मिटतात. समितीकडे किती प्रकरणं पडून आहेत याचा आढावा जिल्हाधिकारी दर तीन महिन्यांनी घेतात. तेव्हा चार महिने उलटले असतील तर त्यांच्याकडे अर्ज करायला संकोचू नका.

आम्ही गरीब आहोत म्हणून मूल काढून घेतील का?

गरिबी हे एकटं कारण पुरेसं नाही. मुलाची जबाबदारी आधी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, ही दोन्ही तत्त्वं कायद्याच्या कलम ३ मध्ये आहेत. प्रत्यक्षात मात्र «बालगृहात निदान जेवण-शाळा तरी मिळेल» असं आई-वडीलच समितीपुढे बोलून जातात. ऊसतोडीला जाणारी, एकट्या आईची, आजारी बापाची घरं यांत जास्त. ते बोलणं नोंदीत जातं आणि मूल वर्षानुवर्षं संस्थेत राहतं. अडचण पैशांची असेल तर पैशांचीच मदत मागा.

राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात दरमहा ४,००० रुपये आहेत, त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपर्यंत असावं लागतं. दोन्हींची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा. «मूल घरी द्यावं आणि योजनेचा लाभ द्यावा» अशी विनंती एकाच अर्जात समितीला करता येते.

मुलाला भेटता येतं का? बहिणीचं लग्न आहे, घरी आणता येईल?

भेट मिळते. वार आणि वेळ बालगृहाच्या अधीक्षकांना विचारा आणि ती चुकवू नका, कारण भेटींची नोंद होते. लग्न, परीक्षा, जवळच्या माणसाचा मृत्यू, आई-वडिलांचं गंभीर आजारपण अशा कारणांसाठी समिती रजा देऊ शकते. साधारणपणे ती प्रवास सोडून सात दिवसांपर्यंत असते. अर्जाला लग्नपत्रिका जोडा. ठरल्या दिवशी मूल परत नेऊन सोडा. परतीची तारीख पाळणारं घर समितीच्या लक्षात राहतं.

जन्मदाखला नाही. वय कसं ठरवणार?

आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तेव्हाच वैद्यकीय तपासणी.

आम्ही राहतो नांदेडला, मूल सापडलं मुंबईत. दर तारखेला कसं यायचं?

प्रकरण आणि मूल दोन्ही तुमच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवण्याची तरतूद कलम ९५ मध्ये आहे. दुसऱ्या राज्यातलं कुटुंब असेल तरी हेच. सोबत नेण्याची व्यवस्था सरकारी यंत्रणेनं करायची असते. गृहचौकशीही नांदेडच्याच बाल संरक्षण कक्षाकडून मागवता येते. हे पहिल्याच अर्जात लिहा.

तान्हं बाळ आहे. दवाखान्यात कुणीतरी सह्या घेतल्या. आता?

आजच वकील गाठा, उद्यावर टाकू नका. बाळाचा परित्याग, म्हणजे स्वतःहून सोपवणं, दवाखान्यातल्या सहीवर होत नाही. तो समितीसमोर, समुपदेशनानंतर, लेखी करावा लागतो आणि त्यानंतरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या मुदतीत आईनं बाळ परत मागितलं पाहिजे, लेखी आणि पोच घेऊन. टाकून दिलेलं किंवा अनाथ मानलेलं बाळ दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत दत्तकासाठी मुक्त घोषित होऊ शकतं. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. एकदा बाळ दत्तक गेलं की परतीची वाट जवळजवळ बंद होते.

ज्या आईला खरोखरच बाळ सांभाळता येणार नाही तिनं समितीपुढे जाऊन तसं सांगणं हा गुन्हा नाही. तिला कुणी दटावत असेल तर तेही वकिलाला सांगा.

घरातल्याच माणसानं मुलीवर अत्याचार केला. तक्रार मी केली आणि मुलगी मलाच देत नाहीत.

पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) प्रकरणात पोलीस २४ तासांत समितीला कळवतात, आणि मुलीला घरातून हलवायचं की नाही हे समिती तीन दिवसांत ठरवते. आरोपी त्याच घरात राहतो किंवा तिथे येऊ-जाऊ शकतो, ही समितीची मुख्य काळजी असते. तो अटकेत असेल, किंवा तुम्ही मुलीला घेऊन माहेरी किंवा बहिणीकडे राहणार असाल तर तो पत्ता आणि तिथल्या माणसांचं संमतीपत्र द्या. मुलीसोबत केस संपेपर्यंत राहणारी साहाय्यक व्यक्ती नेमण्याची मागणीही करा. सासरच्या दबावाखाली जबाब बदलण्याचं आश्वासन कुणाला देऊ नका. असा दबाव आहे असं दिसलं तर समिती मुलीला घरी पाठवायला कचरते, आणि ते बरोबरच आहे.

नवरा मूल घेऊन गेला. समिती ताबा मिळवून देईल का?

आई-वडिलांमधला ताब्याचा वाद कौटुंबिक न्यायालयात जातो, जिथे ते नाही तिथे जिल्हा न्यायालयात. मुलाला धोका असेल तरच समितीकडे या. एकमेकांना धडा शिकवायला समितीत तक्रार करणाऱ्यांचं मूल कधीकधी दोघांच्याही हातून बालगृहात जातं.

आदेश मान्य नाही.

आदेशाच्या तारखेपासून तीस दिवसांत बाल न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयात, अपील करता येतं. प्रतिपालन (मूल दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्वाबद्दलचे आदेश असतील तर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवावं लागतं. दुसरं अपील नाही, पुढे उच्च न्यायालयात पुनरीक्षण आहे. या सगळ्यालाही मोफत वकील मिळतो. फक्त संस्था बदलायची किंवा मूल दुसऱ्या नातेवाइकाकडे द्यायचं असेल तर अपिलाचीही गरज नाही, समिती अर्जावरून स्वतःच्या आदेशात तसा बदल करू शकते.

समितीत अपमान झाला, कुणी पैसे मागितले.

समितीच्या कामकाजाबद्दलची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, कायद्यानंच तो अधिकार त्यांना दिलाय. लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा.

मुलाचा फोटो टाकून व्हॉट्सॲपवर आवाहन केलं तर चालेल?

मूल अजून सापडलेलं नसेल तर पोलिसांना सांगून करा. समितीपुढे आल्यावर मात्र नाव, फोटो, शाळा काहीही जाहीर करू नका. कलम ७४ नुसार तो गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पत्रकार मदत करतो म्हणाला तरी हीच अट.

भाऊ इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या कौन्सिलनं (स्थानिक प्रशासनानं) त्याचं मूल घेतलंय.

तिथला कायदा वेगळा आहे. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टखाली कौन्सिल केअर ऑर्डरसाठी (मूल कौन्सिलच्या ताब्यात देण्याच्या आदेशासाठी) कोर्टात गेली की मुलाची कायदेशीर पालकत्वाची जबाबदारी असलेल्या आई-वडिलांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. केस साधारण २६ आठवड्यांत संपवायची असते, म्हणजे हातात वेळ थोडा. «स्वखुशीनं मूल आमच्याकडे ठेवा» अशा कलम २० च्या कागदावर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नये. इंग्रजी कोर्टातलं बोलणं पुरतं कळत नसेल तर मराठी दुभाष्या मागावा, लाजू नये. इथले आजी-आजोबा किंवा काका-काकू मूल सांभाळायला तयार असतील तर त्यांची नावं, पत्ते आणि घरच्या परिस्थितीची माहिती पहिल्या आठवड्यातच वकिलाकडे पाठवा. मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर भारतीय उच्चायुक्तालयालाही लेखी कळवा.